दहा गुंठ्यांची पिशवी

बियाण्याच्या पिशवीला ‘सावकाश उतरा’ असं म्हणणारा माणूस उभ्या बीड जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हे मी अभिमानानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही सांगत नाही. बायको केली की साडू आपोआप मिळतो, त्यात आपल्याला विचारायची पद्धत नाही. केजच्या बाजारात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. लोक त्यांना अप्पा म्हणतात. ते मला गुरुजी म्हणतात, कारण मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यापासून सकाळी घरात माझी अडचण होते, म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन बसतो. तिथेही माझी अडचणच होते, पण अप्पा पिशव्यांकडे बघण्यात इतके गुंतलेले असतात की माणसांकडे त्यांचं फारसं लक्ष जात नाही. अंगानं उंच आणि किडकिडीत, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि आवाज असा की समोरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकानंही वळून ‘काय म्हणलात?’ असं विचारावं.

आता सोयाबीनचं बी नाजूक असतं हे खरं आहे. त्याचं टरफल पातळ. पिशवी उंचावरून आपटली की आतला अंकुर दुखावतो, आणि बाहेरून बघावं तर दाणा जसाच्या तसा टपोरा. हे सगळ्या दुकानदारांना माहीत असतं आणि सगळे ते विसरून माल उतरवतात. आमचे अप्पा मात्र ट्रक आला की घरातली गादी आणून ट्रकच्या मागे अंथरतात. ही गादी माझ्या मेव्हणीच्या रुखवतातली. तिच्यावर निजायचं भाग्य त्या दोघांना फार थोडे दिवस लाभलं. नंतर तिची बदली दुकानात झाली. ‘आपटू नको बे, आत जीव हाय!’ असं अप्पा हमालाला ओरडले, तेव्हा डोक्यावर पिशवी घेऊन उन्हात उभा असलेला तो पहिलवान गडी शांतपणे म्हणाला, ‘अप्पा, जीव माज्यात बी हाय की.’ अप्पांनी क्षणभर विचार केला आणि त्याला पाणी दिलं. पण आधी पिशवी गादीवर ठेवून घेतली.

एकदा बीडहून एका नव्या वाणाची पिशवी त्यांना स्वतः आणायची होती. एसटीत कंडक्टर म्हणाला, पिशवी टपावर टाका. अप्पांनी तिचं पूर्ण तिकीट मागितलं. लगेजचं नव्हे, सीटचं. कंडक्टरनं कपाळाला हात लावला, पण तिकीट फाडलं. खिडकीशी पिशवी, शेजारी अप्पा, अशी जोडी निघाली. वाटेत गाडी गच्च भरली आणि एक हवालदारसाहेब त्या सीटकडे बघून म्हणाले, ‘हे काय हाय? उचला, मला बसू द्या.’ अप्पांनी आवाज खाली आणला (हे फार क्वचित घडतं) आणि ते म्हणाले, ‘सायेब, तिकीट हाय त्याचं. लई हादरे बसलेत, जरा पडू द्या.’ हवालदार केजपर्यंत उभे आले. ही हकिकत मला त्याच कंडक्टरनं सांगितली आणि सांगताना तो हसत नव्हता.

पण अप्पांचं खरं वेड म्हणजे गोणपाट. कोणत्याही बियाण्याचा नवा माल आला की त्यातले शंभर दाणे मोजून ते ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं आणि सहाव्या दिवशी उघडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर तरी उगवले पाहिजेत. पद्धत जुनी आणि चांगली आहे, कृषी खातंही तीच सांगतं. फक्त खातं ती न्हाणीघरात करायला सांगत नाही. अप्पांच्या न्हाणीत बारा महिने अशा पाच-सात गुंडाळ्या उभ्या असतात, प्रत्येकीला चिंधी आणि चिंधीवर वाणाचं नाव. माझं नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी त्यांच्याकडे मुक्कामी गेलो आणि आंघोळीनंतर त्यातली एक गुंडाळी सोडून तिच्यावर पाय पुसले. पायाला काहीतरी टोचतंय एवढंच कळलं. अप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘करडई होती. ब्याण्णव आली असती.’ माझ्या मुलीच्या लग्नात सगळे जेवणावळीत गुंतलेले असताना हा गृहस्थ मांडवात वाकून अक्षता गोळा करत होता. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या. सहाव्या दिवशी त्यांचा फोन आला, आधी नेहमीचा लिंगायती नमस्कार, ‘गुरुजी, शरणार्थ. एक्क्याण्णव. काळजी करू नगा, लेक सुखात राहणार.’ पुढे ती खरंच सुखात राहिली. अप्पा याचं थोडं श्रेय स्वतःकडे घेतात.

त्यांच्या या गोणपाटापायीच डोंगराकडचे लोक धारूरची दुकानं सोडून जीपनं केजला यायचे. ही माणसं अगदी थोड्या रानाची. बालाघाटाच्या उतारावर कुणाचे पंधरा गुंठे, कुणाचे दहा. आणि कंपनीची पिशवी एकराची. पिशवी फोडून सुटं बी विकायला दुकानदाराला कायद्यानं बंदी, आणि अप्पा कायदा मोडणाऱ्यातले नव्हेत. मग त्यांनी एक रीत बसवली. चाळीस गुंठे भरतील अशी तीन-चार माणसं जमली की त्यांना मिळून एक शिवलेली पिशवी विकायची. ज्याचा वाटा मोठा त्याच्या नावानं पावती. मग त्या लोकांनी दुकानाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत चादर अंथरून पिशवीची शिवण उसवायची आणि काट्यावर आपापला वाटा तोलून घ्यायचा. विकलेल्या मालाचं लोक काय करतात याच्याशी दुकानदाराचा संबंध नाही. तरी अप्पा या वेळी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं, तर म्हणाले, ‘कायद्यानं मी इथं न्हाई.’ आणि लगेच भिंतीकडे बघतच ओरडले, ‘काटा सरळ धर बे! दाणा खाली सांडला!’ समोरच्या औषधांच्या कपाटाला काच होती, त्यात त्यांना सगळं दिसत असे.

हे वाटप म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पसाभर दाण्यांवरून भांडण, मग चहा, मग कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीला स्थळ आलं, मग पुन्हा पसाभर दाण्यांवरून भांडण. त्यात दरवर्षी एक बाई असायची. धारूरच्या पुढच्या एका वस्तीवरची, धनगराच्या घरची. तिचा मालक मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरतीवर, आणि दहा गुंठ्यांचं रान तिच्या एकटीच्या अंगावर. तिला सगळे डोंगरवाली मावशी म्हणायचे. बोलायची थोडं, पण अप्पांना दरडावणारी ती एकटीच. वाटप झाल्यावरही जीप भरेपर्यंत ती पायरीवर बसून राही आणि अप्पांना प्रश्न विचारी. अप्पा तिच्यापुढे शाळेतल्या मुलासारखे उत्तरं देत.

एका वर्षी कंपनीचा माल फार उशिरा आला. रानात ओल झालेली, पेरणीला चाड्यावर मूठ धरायची वेळ, आणि तेव्हा कुठे ट्रक दुकानापुढे लागला. अप्पांनी गादी अंथरली, माल उतरवला, शंभर दाणे मोजले आणि जाहीर केलं की सहा दिवस विक्री बंद. दुकानापुढे पंचवीस-तीस माणसं उभी होती. मावशी पुढे झाली आणि म्हणाली, ‘अप्पा, तुमचं गोणपाट उगवंस्तोवर माज्या रानातली ओल थांबती का?’ तेव्हा मी खुर्चीतून म्हणालो, ‘द्या हो. एवढी मोठी कंपनी, तपासल्याशिवाय थोडीच पाठवते?’ हे वाक्य माझं. ते मी कुणावर ढकलू शकत नाही. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा न तपासलेला माल विकला. त्या दिवशी चादरीवर मावशीबरोबर एक वीस गुंठ्यांवाला होता आणि एक दहावाला. पावती वीसवाल्याच्या नावानं झाली.

सहाव्या दिवशी अप्पांनी गोणपाट उघडलं. त्यांनी तीनदा मोजलं, मग मला मोजायला लावलं. मी गणिताचा मास्तर. मलाही बावन्नच्या पुढे जाता आलं नाही. तोवर सगळ्यांच्या पेरण्या होऊन गेल्या होत्या. रानात तासं, म्हणजे रोपांच्या ओळी, विरळ दिसायला लागली. तक्रारी झाल्या, तालुक्याची समिती पंचनाम्याला आली. कंपनीनं फार ओढून न धरता दुसरा माल पाठवला: पावती दाखवा, पिशवी न्या. वीसवाल्यानं पावती दाखवली आणि पिशवी नेली. अर्धी त्याच्या रानाला लागली, उरलेली त्यानं बटाईनं केलेल्या दुसऱ्या तुकड्यात टाकली. तो वाईट माणूस नव्हे. पण पावतीवर त्याचं नाव होतं, आणि पावतीपुढे चादरीवरचा वाटा कुणाला आठवणार?

मावशी दुकानात आली ती भांडायला नव्हे. पायरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, ‘अप्पा, कंपनीच्या कागदावर मी कुठं हाय का?’

अप्पांनी पावतीपुस्तक काढलं. त्यांना उत्तर माहीत होतं, तरी पानं उलटत राहिले. शेवटी म्हणाले, ‘न्हाई.’

‘मंग माज्या रानात कुणाचं बी गेलतं?’

अप्पांनी आतून दुसऱ्या कंपनीची सोयाबीनची पिशवी आणली आणि तिच्यापुढे ठेवली, असंच घेऊन जा म्हणाले. तिनं ती बाजूला सारली. ‘तुमी कावून देता? तुमची का चूक हाय?’ असं म्हणून ती जीपकडे गेली. त्या वर्षी तिनं दहा गुंठ्यांत हुलगे टाकले. अप्पा मात्र त्या शेवटच्या वाक्यानं पार खचले. ‘चूक माजीच हाय, गुरुजी,’ असं ते मला आठवडाभर सांगत होते. त्यात माझाही वाटा आहे, हे ते एकदाही म्हणाले नाहीत, आणि याची मला जास्त लाज वाटली.

तेव्हापासून अप्पांनी एकच धरलं. दहा गुंठ्यांची पिशवी पाहिजे, शिवलेली, आणि तिची पावती ज्याच्या त्याच्या नावानं. त्यांनी कंपनीला इतकी पत्रं लिहिली की पोस्टातला माणूस त्यांना बघितल्यावर आपणहून तिकिटं काढून ठेवायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात बीडला एका मंगल कार्यालयात कंपनीनं दुकानदारांचा मेळावा घेतला. मला अप्पा बरोबर घेऊन गेले, का ते सांगितलं नाही. पडद्यावर हिरवीगार चित्रं दाखवून झाल्यावर साहेबांनी विचारलं, कुणाला काही सूचना? अप्पा उभे राहिले. ‘सायेब, तुमच्या पिशवीत एक एकर मावतो. आमच्या डोंगरात एकर सापडतच न्हाई, त्याला काय करावं?’ लोक हसले. अप्पा हसले नाहीत. पिशवी लहान करा, माल पेरणीच्या पंधरा दिवस आधी धाडा म्हंजी गोणपाटाला टाइम मिळंल, आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात छापा की आपटू नका, अशी तीन मागण्यांची यादी त्यांनी खणखणीत आवाजात वाचली. माइक बंद होता हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. साहेब सभ्य होते. म्हणाले, छोटी पिशवी परवडत नाही, तशी मागणीही नाही. अप्पा म्हणाले, ‘मागणी कशी दिसंल? मागणारा पावतीवरच न्हाई.’ यावर साहेबांनी जेवणाची सूचना केली.

त्या वर्षी कंपनीनं तीनातली एक मागणी मान्य केली. एकराच्या पिशवीवर लाल अक्षरात छापून आलं, ‘हळू हाताळा’. अप्पांनी ती पिशवी बघितली आणि संतापानं त्यांच्या कपाळावरची विभूती घामात उतरली. त्यांनी त्या कंपनीचा माल ठेवणंच बंद केलं. तालुक्यात सगळ्यात जास्त खपणारं वाण त्याच कंपनीचं होतं. हंगामात समोरच्या दुकानापुढे रांगा, आणि आमच्याकडे कुणी फवारणीचा पंप दुरुस्त करायला आला तर आला. मेव्हणीनं गादी परत घरी नेली आणि उन्हात टाकली. मी एकदा भीत भीत म्हणालो, ‘अप्पा, दुकान चालायला पाहिजे.’ ते म्हणाले, ‘चालंल. मावशीला काय सांगू ते सांगा आधी.’

डोंगरवाले मात्र येतच राहिले. दुसऱ्या कंपनीची पिशवी घ्यायचे आणि चादर अंथरायचे. अप्पांनी आता पावतीमागे सगळ्यांची नावं पेन्सिलीनं लिहायला सुरुवात केली होती. त्याला कायद्यात काही किंमत नाही हे त्यांनाही माहीत होतं. अशाच एका सकाळी आधीच्या कंपनीची नवी अधिकारी आली. शेतकीची पदवी घेतलेली मुलगी, डोक्याला ओढणी बांधून स्कूटरवर आलेली. ती काही न बोलता वाटप बघत राहिली. मग विचारलं, ‘अप्पा, तुम्ही भिंतीकडं तोंड करून का बसता?’ अप्पांनी आपलं नेहमीचं उत्तर दिलं. ती हसली आणि थोड्या वेळानं तिचं हसू थांबलं. ती चादरीजवळ जाऊन बसली, कुणाचं रान किती ते प्रत्येकाला विचारून वहीत लिहिलं, मावशीजवळ तर तासभर बसली. जाताना अप्पांना म्हणाली, ‘मी वचन देत नाही.’ अप्पा म्हणाले, ‘नगाच देऊ. वचन दिलेले लई बघितले.’

पुढच्या उन्हाळ्यात, पेरणीला चांगला महिना बाकी असताना, त्या कंपनीचा ट्रक आला. पिशव्या लहान होत्या. अप्पांनी पहिली पिशवी दोन्ही हातांवर घेतली आणि हमालाला म्हणाले, ‘वजन बघ.’ हमाल म्हणाला, ‘अप्पा, हे तर खिशात नेतो.’ शंभर दाणे गोणपाटावर गेले. सहाव्या दिवशी शहाऐंशी कोंब निघाले. अप्पांनी सगळ्या वस्त्यांवर निरोप धाडले.

मावशी एकटीच आली. कुणाची वाट बघायची गरज नव्हती. अप्पांनी नवं पावतीपुस्तक काढलं, पेन झटकलं आणि थांबले. इतकी वर्षं ते तिला मावशी म्हणत होते. पावतीमागे पेन्सिलीनंही ‘डोंगरवाली मावशी’ असंच लिहीत होते. ‘नाव सांगा,’ ते म्हणाले. ‘पुरं नाव.’

‘सोजरबाई,’ ती म्हणाली. मग पदर तोंडाशी धरून हळूच मालकाचं नाव घेतलं, आडनाव सांगितलं. अप्पांनी एकेक अक्षर कोरून लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं पावतीवर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘ह्यातलं माजं कुठवर हाय?’ मी पहिला शब्द दाखवला. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग पावतीची बारीक घडी करून चंचीत ठेवली, पिशवी कमरेवर घेतली, ‘येते, अप्पा’ म्हणाली, आणि समोर जीपवाला ओरडत होता म्हणून लगबगीनं गेली. आल्यापासून जाईपर्यंत दहा मिनिटंही झाली नसतील.

त्या दिवशी असे बरेच जण आले. एकेकटे यायचे, नाव सांगायचे, पिशवी घेऊन जायचे. भांडण नाही, चहा नाही, कुणाची म्हैस व्याली का ते कळलं नाही. सगळं अप्पांनी मागितलं तसंच झालं होतं. दुपारी दुकान रिकामं झालं. अप्पा दारात उभे राहून बाजूच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. तिथे कुणीतरी मोटारसायकल लावली होती.

‘चांगलं झालं न्हाई का, गुरुजी?’

‘चांगलंच झालं,’ मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. मी जेवायला घरी निघालो, चप्पल पायात सरकवली.

‘बसा की जरा,’ अप्पा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मी चप्पल काढली आणि बसलो.